चाक जमिनीला न लावता

त्या पंख्याला जाळी नव्हती, एक पातं वाकलेलं होतं आणि बटणाच्या जागी नुसतं भोक होतं. तरीही बाबूलाल कबाड्याच्या दुकानात त्या सकाळी दोन हात एकाच वेळी त्याच्यावर पडले. एक हात देवश्रीचा होता. दुसरा कोणाचा, हे बघायला तिनं मान वर केली, पण हात काही काढला नाही.

"पंखा माझा आहे," ती म्हणाली.

"मी आधी पाह्यला."

"पाह्यला असेल. धरला मी आधी."

समोरचा मुलगा हसला. उंच, किडकिडीत, आणि खिशात पेनाऐवजी टेस्टर खोचलेला. हसताना त्याची एक भुवई वर जायची, एकच. देवश्रीनं ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

बाबूलालनं दोघांकडे बघून कपाळाला हात लावला. "तुम दोनों बैठके फैसला कर लो. मैं चाय पी के आता हूँ."

"मले कंप्युटरसाठी पायजे," मुलगा समजावणीच्या सुरात म्हणाला. "काली पुतली चौकात माझा कंप्युटर क्लास आहे. एवढ्याश्या खोलीत सगळे कंप्युटर. ऑक्टोबरच्या उन्हात असे तापतात ना..."

"कंप्युटरले घाम येतो का?"

"नाही."

"मले येतो."

"कशानं?"

"सायकल चालवून."

"सायकल चालवतांना तर वारा लागते!"

"माझी सायकल जागची हालत नाही," देवश्री म्हणाली आणि पंखा आपल्याकडे ओढला.

आता अशा वाक्यानंतर कोणता शहाणा माणूस पंखा धरून बसेल? त्या मुलानं, अनिशनं, हात सोडला. पंखा तर सोडलाच, वर तो पंखा आणि तिच्या पिशवीतली जड वस्तू आपल्या स्कूटरवर ठेवून घरापर्यंत पोचवून देतो, असंही म्हणाला. पिशवीत राईस मिलमधून आणलेला झिजका रबरी रोल होता, धानाचं टरफल काढणाऱ्या यंत्रातला; घरचा पहिला रोल फाटला होता. तो उचलताना तिचा डावा खांदा जरा आखडला. अनिशनं ते पाहिलं, पण विचारलं नाही. न विचारणं देवश्रीला आवडलं.

खांद्याची गोष्ट अशी होती.

देवश्री हरदास सायकलपटू होती. हौसेची नव्हे, खरीखुरी. कॉलेजकडून खेळली होती, विद्यापीठाकडून खेळली होती, आणि आता संक्रांतीनंतर जबलपूरला राज्याच्या संघाची निवड होती. वयाच्या अटीमुळे हे तिचं शेवटचं वर्ष. या वेळी नाही, तर मग कधीच नाही. सरावासाठी बैहर रोडवरच्या गांगुलपाऱ्याच्या घाटासारखी जागा नाही. पण श्रावणात त्याच घाटात, बेहड्याच्या झाडाजवळच्या वळणावर, बांबूंनी लादलेला ट्रक अचानक समोर आला. ट्रक थांबला, देवश्री काही थांबली नाही. ती सायकलीसकट रस्त्याखालच्या नालीत गेली आणि खांद्याजवळचं हाड मोडून बसली.

दवाखान्यात तिची आई, अलकनंदाबाई, रडली नाही. पोरीच्या उशाशी उभी राहून एवढंच म्हणाली, "आता तुह्या सायकलीचं चाक जमिनीले लागलं, तर माह्या गळ्याची शपथ आहे तुले."

आईच्या गळ्याची शपथ मोडायची कशी? मोडली, आणि उद्या आईला साधा खोकला झाला, तरी जन्मभर मनाला खात राहील. वडील, गुणाकरराव, सिंचन विभागात बैहरला नोकरीला. शनिवारी घरी येत, सोमवारी पहिल्या बसनं परत जात. देवश्रीनं त्यांना साकडं घातलं तेव्हा त्यांनी पेपर डोळ्यांसमोर धरला. "तुमच्या माय-लेकीच्या शपथेत मी पडत नाही वो बाई. मले सोमवारी त्याच रस्त्यानं जायचं आहे."

पण देवश्री हातपाय गाळणाऱ्यांतली नव्हती. हाड जुळेपर्यंत तिनं शपथेवर पुष्कळ विचार केला. आई ‘जमिनीले’ म्हणाली होती. ठीक आहे. चाक जमिनीला लागणार नाही.

मिलमधल्या तेजरामकाकांनी तिला लोखंडी पट्ट्यांचा घोडा वेल्डिंग करून दिला. त्यात सायकलीचं मागचं चाक उचलून अडकवायचं आणि चाकाखाली तसला रबरी रोल ठेवायचा. पॅडल मारलं की चाक फिरतं, चाकानं रोल फिरतो, आणि सायकल जिथल्या तिथे. पुढच्या चाकाखाली तिनं देवघरातला जुना पाट घेतला. घोड्याखाली सतरंजीची घडी घातली, म्हणजे शेजाऱ्यांना घरात चक्की बसवली असं वाटू नये. हँडलला पंचा बांधला. आणि आता समोर पंखा.

अनिश पंखा घेऊन आत आला तेव्हा अलकनंदाबाई वाकून तपासणी करत होत्या. पदराचं टोक त्यांनी मागच्या चाकाखालून एका बाजूनं घातलं आणि दुसऱ्या बाजूनं ओढून काढलं. पदर अलगद निघाला. जमीन आणि चाक यांच्यात जागा होती. त्यांनी सुस्कारा टाकला. तो समाधानाचा की हरल्याचा, ते त्यांनाच ठाऊक.

"रोज पाहते मी," त्या अनिशला म्हणाल्या, ओळख ना पाळख. "हिचा भरोसा नाही."

"बरोबर करता काकू," अनिश गंभीरपणे म्हणाला आणि देवश्रीनं त्याच्याकडे डोळे वटारले.

पंख्याचं वाकडं पातं त्यानं तिथंच सरळ केलं, बटण बसवलं, वायर जोडली. पंखा फिरला. देवश्री सायकलीवर चढली. चाक घरघरलं, कपाळावरच्या बटा उडाल्या आणि अनिश, जो आता निघायला हवा होता, दारातच उभा राहिला.

"तुम्ही पाहता काय समोर?" त्यानं मोठ्यानं विचारलं. पंखा आणि रोल मिळून आवाज भारी होता.

"भिंत!"

"रोज भिंत?"

"भिंतीवर कॅलेंडर आहे ना!"

अनिशनं भिंत पाहिली. कॅलेंडर पाहिलं. मग तिचं तोंड पाहिलं, घामेजलेलं आणि हट्टी. त्याची ती एक भुवई वर गेली.

"मी परवा येतो," तो म्हणाला.

"काहून?"

"भिंत काढायला."

परवा म्हणाला खरा, आला मात्र दुसऱ्याच दिवशी. स्कूटरवर पायाशी क्लासमधला जुना कंप्युटर, आणि मागच्या सीटवर उशीत गुंडाळलेला जाडजूड मॉनिटर. अलकनंदाबाईंचं शिलाई मशीन त्यानं विनंती करकरून सायकलीसमोर सरकवलं आणि सगळा संसार त्यावर मांडला. फुटक्या स्पीकरमधून काढलेला लोहचुंबकाचा तुकडा त्यानं मागच्या चाकाच्या तारांना बांधला. दाराच्या अलार्ममधली काचेची बारीक नळी चाकाच्या बाजूला चिकटवली. चुंबक जवळून गेला की नळीच्या आतल्या दोन पत्त्या एकमेकींना टेकायच्या. त्या नळीची वायर त्यानं एका माउसच्या पोटात, डाव्या बटणाला जोडली.

"म्हणजे चाकाचा एक फेरा झाला, की माउसचं बटण एकदा दाबलं जाते," तो सांगत होता. जमिनीवर मांडी घालून, केसांत कोळिष्टक. "कंप्युटर ते मोजते. आणि तेवढा रस्ता पुढे सरकवते."

"कोणता रस्ता?"

अनिशनं सीडी आत सरकवली. "चालवा तर."

देवश्रीनं पॅडल मारलं, आणि भिंत गेली.

समोर गांगुलपाऱ्याचा रस्ता होता. भरवेलीचा फाटा, मग सागाचं बन, रस्त्याच्या कडेचे पांढरे दगड, डावीकडे तलावाचं चकाकणारं पाणी. लग्नाच्या शूटिंगवाल्या मित्राचा कॅमेरा स्कूटरच्या हँडलला बांधून अनिश सकाळीच जाऊन आला होता. पाय जोरात मारले की झाडं झपाझप मागे जात. हळू केले की हळू. पाय थांबले की सगळा घाट थांबे, उडता बगळासुद्धा हवेत खिळून राही. हिशेबात काहीतरी गडबड होती, कारण समोरून आलेली बैहरची बस रॉकेटसारखी अंगावरून गेली आणि देवश्री किंचाळून हसली. कितीतरी महिन्यांनी अशी हसली. स्वयंपाकघरातून आई धावत आली आणि दारातच थबकली.

"बाप्पा! हे काय वो?"

"घाट आहे, आई."

अलकनंदाबाई सायकलीजवळ आल्या. वाकल्या, पदर चाकाखालून ओढला, तो निघाला. मग पडद्याकडे न बघता आत गेल्या.

देवश्री खाली उतरली. पंच्यानं तोंड पुसलं आणि पंच्यातूनच विचारलं, "एवढं सगळं काहून केलं तुम्ही?"

"पंखा तुम्ही घेऊन गेल्या ना... म्हटलं, पाहू तरी, कोणासाठी सोडला."

बसचा हिशेब दुरुस्त करायला अनिश रोज येऊ लागला. बस दुरुस्त झाली तरी येणं चालूच. कधी चित्र हलतं, कधी वायर सैल होते, कधी वीज जाते म्हणून बॅटरी जोडायची असते. येणाऱ्याला निमित्तांची काय कमी! आणि एक निमित्त तर देवश्रीनंच दिलं.

"रस्ता चढावर आहे, पण पायाले चढ लागतच नाही," ती तक्रारीच्या सुरात म्हणाली. "नुसतं पाहून मांड्या बनतात का?"

मग त्यानं मिलच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा आणून रोलच्या दांड्याला वेढला आणि त्याला एक पिळायचा नट लावला. नट पिळला की पट्टा आवळे, रोल जड होई, म्हणजे चढ. सैल केला की उतार. पण नट पिळायला कोणीतरी सायकलीशेजारी बसायला हवं, डोळे पडद्यावर आणि हात नटावर.

"कोण बसणार?" देवश्रीनं विचारलं.

"आता एवढ्या कामासाठी दुसरा माणूस कुठं शोधता..."

तर रोज सकाळी क्लास सुरू व्हायच्या आधी अनिश चाकाशेजारी दुसऱ्या एका पाटावर बसायचा. तलाव संपून चढ लागला, की नट पिळायचा.

"अजून?"

"अजून!"

"मरून जाल."

"पिळा म्हटलं ना!"

तो पिळायचा. ती दात आवळून, पुढे वाकून, घाम गाळत चढ चढायची, आणि चढ संपला की तो हळूच नट सैल करायचा. त्या क्षणी ती त्याच्याकडे बघायची. नुसतं एकदा, वरून खाली. तेवढ्यासाठी अनिशनं आख्खा सातपुडा पिळला असता.

आणि देवश्री? तिला सकाळी जाग आली की पहिल्यांदा स्कूटरचा आवाज आठवायचा, मग सायकल. हे उलटं झालं आहे, हे तिला कळत होतं. निवडीच्या वर्षी असलं काही परवडणारं नव्हतं. तरी वेणी मात्र ती आता दोनदा घालायची.

एक गोष्ट अनिशच्या ध्यानात आली. पहिले काही दिवस त्याला तो योगायोग वाटला. बेहड्याचं झाड दिसू लागलं की देवश्रीला तहान लागायची. नाहीतर पंचा घसरायचा, नाहीतर चप्पल टोचायची, नाहीतर म्हणायची, "आज एवढं पुरे." पाय थांबले की पडदा थांबायचा, आणि पडद्यावर रोज तेच चित्र खिळून राहायचं. डावीकडे झाड, पुढे रस्ता उजवीकडे वळून नाहीसा झालेला. ती वळणापलीकडे कधीच गेली नव्हती. रोज उतरायची, पाणी प्यायची आणि परत भरवेलीपासून सुरू करायची.

त्यानं विचारलं नाही. न विचारण्याची त्याची सवय आपल्याला ठाऊक आहे. या वेळी मात्र ती सवय त्याला नडली.

एका सकाळी देवश्री चढ चढत होती. झाड दिसलं, घसा कोरडा पडला, बाटलीकडे हात गेला... आणि डोळ्यांसमोर एकदम पुलिया आली. छोटी, पांढरी पुलिया, ओढ्यावरचा तो बुटका पूल. पुलिया वळणाच्या पुढे होती. मग वळण?

तिनं पाय थांबवले.

"मोड कुठं गेला?"

अनिशनं नटाकडे बघितलं. "कोणता मोड?"

"अनिश, मोड कुठं गेला?"

"...काढला मी." तो हळू बोलला. "रोज तिथं थांबता तुम्ही. तोंड पांढरं पडते तुमचं. मले पाहवत नाही. म्हटलं, तेवढा तुकडा नसला, तर सरावात खंड पडणार नाही."

देवश्री सायकलीवरून उतरली. राग आधी कानात आला, मग डोळ्यांत.

"कोणी सांगितलं तुले? तू आणि आई, दोघंही सारखेच. तिनं शपथ घालून रस्ता बंद केला, तू कापून फेकला! जबलपूरले काय करू? पंचाले सांगू, भाऊ, मोड काढून टाका, मले भेव वाटते म्हणून?"

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. असं काही व्हावं म्हणून अनिशनं किती वाट पाहिली होती, आणि झालं ते असं.

"देवश्री, मी फक्त..."

"मोड घेऊन ये. तोवर येऊ नको."

स्कूटर गेली. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. म्हणजे आईनं सगळं ऐकलं होतं.

देवश्री आत गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. रडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, म्हणून ती भरभर बोलली. "तुह्या शपथेचं मले बरंच झालं होतं, आई. सगळ्यायले सांगता येत होतं, आई जाऊ देत नाही म्हणून. खरं म्हणजे मीच भेते. चित्रातल्या रस्त्यालेही भेते. ना ट्रक आहे त्याच्यात, ना काही. तरी पाय थांबतात."

अलकनंदाबाईंनी हातातली कढई खाली ठेवली. "मी त्या दिवसापासून त्या रस्त्याचं नावही नाही घेतलं तोंडानं," त्या म्हणाल्या. "तुह्या बाबाची बस सोमवारी जाते, तं शनिवारपर्यंत मी जीव मुठीत धरून असते. मले वाटे, मी एकटीच भेते या घरात."

मग आईनं विचारलं, "त्या पोट्ट्याले काहून हाकललं पण?"

देवश्री पंचा उचलून सायकलीकडे गेली.

तो आठवडा तिनं भिंतीकडे बघत सायकल चालवली. कंप्युटर लावलाच नाही. नट स्वतः खाली वाकून पिळायची, परत चढायची, पॅडल मारायची. सराव बुडवला नाही, एक दिवसही नाही. पण चढ संपला की खाली बघायची सवय लागली होती, आणि खाली नुसता पाट होता. आपल्याला अनिश आवडतो, हे तिला त्या रिकाम्या पाटानं स्वच्छ सांगून टाकलं. आवडतो म्हणजे काय, तो नसला की घर रिकामं वाटतं, इतका आवडतो.

रविवारी जेवणं झाल्यावर आई-बाबा बाबांच्या स्कूटरवर बसून निघाले. "लालबर्र्याले जाऊन येतो, आत्याकडे," आई म्हणाली. जुनी सुती साडी नेसून आई आत्याकडे कधी गेली नव्हती, पण देवश्रीचं कशातच लक्ष नव्हतं. दोघं दिवेलागणीला परतले, तेव्हा आईच्या केसांत धूळ होती आणि बाबा मिशीतल्या मिशीत हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर वाजली. देवश्री वेणी अर्धी टाकून दारात आली.

अनिशनं सीडी पुढे केली. "मोड आणला," तो म्हणाला. बाकी काही नाही.

ती सायकलीवर चढली. आईनं पदर चाकाखालून ओढला. आज मात्र ती आत गेली नाही, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. अनिश पाटावर बसला, हात नटावर.

भरवेली. सागाचं बन. तलाव. ऊन या वेळी मागून होतं, दुपार कलल्यावरचं. रस्ता चढू लागला. "पिळ," देवश्री म्हणाली. तो पिळू लागला.

बेहडा दिसला. पाय जड झाले, आणि ते काही पट्ट्यामुळे नाही. झाड जवळ आलं. वळणाच्या तोंडाशी, अगदी जिथं ती पडली होती त्या नालीच्या कडेला, कोणीतरी उभं होतं. हातात पाण्याची बाटली. उंच, किडकिडीत. अनिश!

पडद्यावरचा अनिश तिच्याकडे बघून काहीतरी बोलत होता. ओठ हलत होते, आवाज नव्हता, कारण या चित्राला आवाज नव्हताच. ती हळू झाली तर तोही हळू होईल. थांबली तर तिथंच थांबेल, दिवसभर बघता येईल त्याला. काय बोलतोय तो? देवश्रीचे पाय क्षणभर मोहात पडले.

"नाही थांबत," ती दातांतून म्हणाली आणि पॅडल दाबलं. अनिश बाजूनं मागे गेला, झाड मागे गेलं, रस्ता उजवीकडे वळला आणि ती त्याच्यासोबत वळली. आणि वळताना तिला समोरच्या डांबरावर सावली दिसली. स्कूटरची सावली. चालवणाऱ्याच्या मागे बसलेलं कोणीतरी, दोन्ही हात वर धरलेले, आणि वाऱ्यावर फडफडणारा लांब पदर.

पुलिया आली. पुलिया गेली. वळण मागे पडलं होतं.

देवश्रीनं मान वळवून दाराकडे पाहिलं. "आई... लालबर्रा?"

"मीच धरला होता तो कॅमेरा," अलकनंदाबाई म्हणाल्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. "तुह्या बाबानं चालवली गाडी. मी डोये मिटून घेणार होती त्या मोडावर. तं हा पोट्टा म्हणे, काकू, डोये मिटले तं कॅमेरा हालते. मंग काय करू? उघडेच ठेवले."

पुढच्या रविवारी, धुकं विरायच्या आत, सायकल अंगणात आली. घोडा नव्हता, पाट नव्हता. अलकनंदाबाई वाकल्या, पदराचं टोक मागच्या चाकाखाली घालायला गेल्या. पदर अडला. पुढच्या चाकाखाली घालून पाहिला, तिथंही अडला.

"लागलं जमिनीले," त्या म्हणाल्या. पदर झटकून खांद्यावर घेतला आणि लेकीच्या पाठीवर एक थाप मारली. "आता जा. आन् हळू नको जाऊ."

खरा रस्ता चित्रातल्यापेक्षा थंड होता. सागाची पानं दवानं ओली होती, आणि वारा पंख्याचा नव्हता. तलाव मागे पडला. चढ लागला. नट पिळायला शेजारी कोणी नव्हतं, पण चढ होताच. पुढे बेहड्याचं झाड, झाडाखाली उभी केलेली स्कूटर, आणि नालीच्या कडेला बाटली घेऊन तो.

"थांबू नको!" अनिश ओरडला आणि ती जवळ येताच तिच्या बाजूनं चढावर पळू लागला.

"सांग आता," ती धापा टाकत म्हणाली. डोळे रस्त्यावर, वळणावर. "चित्रात काय म्हणून राह्यला होता?"

"पाणी पायजे का... असं म्हटलं होतं."

"एवढंच?"

"आईंच्या हातात कॅमेरा होता! आणखी काय म्हणू?"

देवश्री हसली आणि हसता हसता वळणात शिरली. ट्रक नव्हता, नुसता रस्ता होता, आणि शेजारी बुटांचा थपथप आवाज.

"पण त्या दिवशी... आईंनी मले विचारलं," अनिश म्हणाला. त्याचा दम संपत आला होता. "इथं उभं राहाशील का म्हणे, ती येईल तेव्हा. मी म्हटलं, हौ. मंग थोड्या वेळानं... परत विचारलं त्यायनं. रोज उभा राहाशील का?"

वळण संपलं. पांढरी पुलिया दिसली.

"मंग तू काय म्हटलं?"

"हौ म्हटलं... जन्मभर म्हटलं." तो थांबला, गुडघ्यांवर हात टेकून. "तू सांग आता. मले पुढे नाही पळवत."

देवश्रीनं पुलियाजवळ सायकल वळवली आणि त्याच्याकडे परत आली. एक पाय जमिनीवर टेकला. त्याच्या हातातली बाटली घेतली, पोटभर पाणी प्याली, झाकण नीट लावलं आणि परत त्याच्या हातात ठेवताना त्याची बोटं धरून ठेवली.

"पळायचा सराव कर मग," ती म्हणाली. "जबलपूरहून आले, की रोज येणार आहे मी इथं."